बंदीत कमावलेला स्नायू हंगामात किती टिकतो? पेशीच्या आत नेमकं काय घडतं?

बंदरकाठ

नमस्कार. प्रश्न रत्नागिरीकडच्या एका बंदरालगतच्या व्यायामशाळेतला आहे. इथे वजनं उचलायला येणाऱ्यांत निम्मे खलाशी. १ जूनला मासेमारी बंदी लागली की ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस ते नेमाने येतात. आठवड्याला तीन-चार दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, रोइंग, पुल-अप. ऑगस्टात बोट पाण्यात गेली की व्यायाम बंद, आणि पुढे दहा महिने जाळं ओढणं, बर्फ भरणं, क्रेट उचलणं, तुटक झोप.

दरवर्षी दिसतं ते असं. ऑगस्टच्या मध्यालाच दंड आणि मांड्या उतरल्यासारख्या वाटतात. पण मागच्या बंदीत ८० किलोच्या स्क्वॉटपर्यंत गेलेला पोरगा पुढच्या जूनमध्ये तीन-चार आठवड्यांत तिथे परत येतो. नवख्याला तिथवर जायला अख्खी बंदी पुरत नाही. म्हणजे आत काहीतरी शिल्लक राहतं. ते काय? ‘स्नायूंना आठवण असते’ एवढंच उत्तर नको, पेशीत काय बदललेलं असतं ते हवं आहे.

शिवाय, जाळं ओढण्याचं काम व्यायामात धरायचं का, की तासन्‌तास ओढल्याने कमावलेलं झिजतं? पन्नाशीपुढचे दोन तांडेलही (बोटीचे प्रमुख) येतात, त्यांना पोरांचंच गणित लागू होतं का? हंगामात आठवड्याला फार तर एक तास काढता येईल. तो कशावर खर्च करावा?

पेशीवाचक

ऑगस्टात उतरतं ते एक असतं आणि टिकतं ते दुसरंच. स्नायू हा एकसंध पदार्थ धरला की इथेच गल्लत होते, म्हणून आधी तो वाढतो कसा ते पाहू.

स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. तिच्या कडेकडेने शेकडो केंद्रकं आणि आत अ‍ॅक्टिन-मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांच्या दोऱ्यांचे जुडगे. जड वजन उचलताना, आणि ते सावकाश खाली सोडतानाही, या दोऱ्यांवरचा ताण टायटिन, डिस्ट्रोफिन, इंटेग्रिन अशा प्रथिनांमधून पेशीच्या आवरणापर्यंत पोचतो. (टायटिन हे माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांतलं सगळ्यांत मोठं. ३४ हजारांच्या आसपास अमिनो आम्लांची एकच साखळी. दोरखंडच म्हणा.) हा यांत्रिक ताण पुढे रासायनिक निरोप होतो. त्यातला सर्वांत बारकाईने तपासलेला टप्पा म्हणजे एमटॉरसी-१ हे प्रथिनसंकुल. ते जागं झालं की पी७०एस६के या प्रथिनाला फॉस्फेट जोडलं जातं आणि ते कामाला लागतं. ४ई-बीपी१ या दुसऱ्या प्रथिनालाही फॉस्फेट लागतं, पण तिथे परिणाम उलटा: त्याने धरून ठेवलेला अडसर सुटतो. मग रायबोसोम हे पेशीतले कारखाने एमआरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, वाचून नवी प्रथिनं जोडायला लागतात. माणसात याला एमटॉर (या संकुलातलं मुख्य प्रथिन) खरोखर लागतो का, हेही तपासलेलं आहे. व्यायामाआधी १२ मिलिग्रॅम रॅपामायसिन हे औषध देऊन एमटॉर रोखला, तेव्हा एरवी दिसणारी प्रथिननिर्मितीतली वाढ दिसली नाही (२००९).

नवख्या माणसात एका जड सत्रानंतर ही निर्मिती ३ तासांनी ११२ टक्के, २४ तासांनी ६५ टक्के आणि ४८ तासांनी ३४ टक्के वाढलेली मोजली गेली आहे (१९९७). म्हणून तोच स्नायू आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचा. मुरलेल्या माणसात ही लाट बुटकी असते आणि लवकर ओसरते.

पण प्रथिननिर्मिती वाढली म्हणजे स्नायू वाढला असं नाही. पहिल्या आठवड्यातली बरीचशी निर्मिती फाटलेलं शिवण्यात जाते. २०१६ साली एकाच गटाला पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात तपासलं. पहिल्या आठवड्यात निर्मिती सर्वांत जास्त होती, पण तिचा पुढच्या वाढीशी मेळ बसला नाही. दुखापत कमी झाल्यावर, तिसऱ्या आठवड्यापासून, तो बसू लागला. तेव्हा १५ जूनला टेपने मोजलेला वाढीव घेर बराचसा सूज असतो. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती सूज गेली की त्यांना स्नायूच गेला असं वाटतं.

ऑगस्टमधली उतरणही मुख्यतः अशीच. व्यायाम करणाऱ्या स्नायूत ग्लायकोजेन (साठवणीची साखर) जास्त साठतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. व्यायाम थांबला, दिवसभर ओढकाम, जेवण तुटपुंजं, की हा साठा आठवड्या-दोन आठवड्यांत खाली येतो. घेर कमी झाला तरी अ‍ॅक्टिन-मायोसिनचा ऐवज त्या वेगाने जात नाही. तो पुढच्या काही महिन्यांत हळूहळू घटतो.

आता शिल्लक काय राहतं ते.

एक म्हणजे केंद्रकं. तंतूच्या आवरणाबाहेर चिकटून सॅटेलाइट पेशी असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत त्या दाखवल्या. ताण आला की त्या विभागतात, पॅक्स-७ कडून मायो-डी आणि मायोजेनिन अशा जनुकांच्या पायऱ्या चढतात, तंतूत मिसळतात आणि आपलं केंद्रक त्याला देतात. एक केंद्रक ठरावीक आकारमानाच्या पेशीद्रवालाच एमआरएनए पुरवू शकतं, त्यामुळे तंतू फार जाड व्हायचा तर केंद्रकं वाढवावी लागतात. उंदरांत असं दिसलं की मिळालेली जादा केंद्रकं, पुढे मज्जातंतू तोडून स्नायू पार सुकवला तरी, तीन महिने जागेवर होती (२०१०).

दुसरं, डीएनएवरच्या खुणा. जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथाइल गट बसला की ते सहसा दबतं, निघाला की मोकळं होतं. २०१८ च्या एका अभ्यासात पुरुषांनी ७ आठवडे व्यायाम, ७ आठवडे विश्रांती आणि पुन्हा ७ आठवडे व्यायाम केला. डीएनएवरच्या साडेआठ लाखांहून अधिक जागा तपासल्या. मिथाइल निघालेल्या जागा दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीच्या सुमारे दुप्पट होत्या, आणि काही जनुकं मधल्या विश्रांतीतही मोकळीच राहिली होती. बंद दुकानाला कुलूप नसावं, नुसतं दार लोटलेलं असावं, तसं.

तिसरं, अलीकडचं: १० आठवडे व्यायाम, १० आठवडे खंड, १० आठवडे व्यायाम अशा मांडणीत स्नायूतल्या बहुतेक प्रथिनांचं प्रमाण खंडात मूळ पातळीवर परतलं, पण काहींचं परतलं नाही. त्यात कॅल्पेन-२ सारखी कॅल्शियमशी निगडित प्रथिनं आहेत. त्याच मांडणीत खंड घेतलेला गट आणि सलग २० आठवडे केलेला गट शेवटी जवळपास एकाच जागी पोचले. तुम्हाला जूनमध्ये जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

रायबोसोमचं मात्र तसं नाही. ते स्नायूतले कारखाने. नेमाने वजन उचललं की त्यांची संख्याही वाढते, सी-मिक हे प्रथिन त्यासाठी लागणाऱ्या आरएनएचं उत्पादन वाढवतं. एकाच व्यायामाने एकाचा स्नायू भरतो आणि दुसऱ्याचा भरत नाही, यामागे रायबोसोम किती वाढले हा फरक बऱ्याच अभ्यासांत दिसतो. पण व्यायाम थांबला की हे कारखानेही घटतात. जूनमध्ये ते नव्याने उभे करावे लागतात.

खाडीपल्याड

पेशीवाचक सर, मांडणी पटली. केंद्रकांच्या मुद्द्यावर मात्र हात जरा आखडता घ्यायला हवा. उंदरातलं चित्र स्पष्ट आहे, माणसात ते तसं नाही. केंद्रकं टिकतात असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत तंतू बारीक झाल्यावर तीही कमी झालेली दिसतात. केंद्रक मोजणंही अवघड काम आहे: तंतूच्या आवरणाच्या आतलं कुठलं आणि बाहेर चिकटलेल्या सॅटेलाइट पेशीचं कुठलं, हे कापलेल्या पातळ चकतीत सहज चुकतं. शिवाय २०११ साली उंदरांतल्या सॅटेलाइट पेशी जवळजवळ सगळ्या नष्ट करूनही दोन आठवड्यांच्या जादा भारात स्नायू वाढला. भार आठ आठवडे चालू ठेवला तेव्हा वाढ खुंटली आणि तंतूंमधली जोडऊती दाट झाली. म्हणजे या पेशी नुसत्या केंद्रकं पुरवत नाहीत, शेजारपाजार नीट ठेवण्याचंही काम करतात.

आणखी एक गोष्ट राहिली, ती रेणूंची नाही पण ती सोडून उत्तर पुरं होत नाही. ८० किलोचा स्क्वॉट तीन आठवड्यांत परत येतो यात मोठा वाटा मेंदू आणि मज्जातंतूंचा आहे. कुठले मोटर युनिट (एक मज्जापेशी आणि तिच्या हाताखालचे तंतू) कधी जागे करायचे आणि विरोधी स्नायू किती सैल सोडायचा हे कौशल्य सायकलसारखं टिकतं. नवख्याची पहिल्या काही आठवड्यांतली ताकदवाढही बहुतांशी याचीच असते. म्हणून वजन परत चढलं यावरून स्नायू परत आला असं मोजू नका. दोन्ही वेगळं लिहून ठेवा. मांडीचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर, सकाळी, व्यायामाआधी मोजायचा.

कबड्डी खेळणाऱ्या पोरांसाठी एक उपयोगाची बाब. जलद तंतूंचे माणसात दोन प्रकार, २ए आणि २एक्स. २एक्स सर्वांत वेगवान पण लवकर दमणारा. जड व्यायामाने २एक्सचं मायोसिन घटतं आणि तंतू २ए कडे सरकतात. एका अभ्यासात (२०००) तीन महिन्यांच्या व्यायामाने २एक्सचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून २ वर आलं. पुढे तीन महिने व्यायाम बंद केल्यावर ते मूळच्या ९ वर थांबलं नाही, १७ टक्क्यांपर्यंत गेलं. ताकद घटत असताना झटक्याचा वेग तेवढा घटत नाही, त्यामागे हे एक कारण असावं. तंतू मरून नवे आले असं यात काही नाही. त्याच तंतूत वेगळं मायोसिन जनुक वाचलं जातं.

बंदरकाठ

दोघांचे आभार. सूज आणि ग्लायकोजेनचा भाग फळ्यावर लिहून लावतो. जाळं ओढण्याचं आणि त्या एका तासाचं कोणी सांगेल का? इथे रापणीला जाणारेही दोघे आहेत, म्हणजे किनाऱ्यावरून दहा-वीस जण मिळून दोर ओढतात ते काम.

रापणदोर

रापण किंवा बोटीवरचं ओढकाम ताकदीच्या व्यायामात धरू नका, पण त्याला घाबरूही नका.

स्नायू वाढायला भार किलोत मोठाच लागतो असं नाही. कमाल वजनाच्या ३० टक्क्यांनीही, सेट अगदी थकेपर्यंत नेला तर, ८० टक्क्यांइतकीच वाढ मिळाल्याचं २०१२ पासून वारंवार दिसलं आहे. अट तीच, थकवा शेवटपर्यंत न्यायचा, म्हणजे मोठे जलद तंतू कामाला लागतात. रापणीत दोर वीस जणांत वाटला जातो, कोणीच त्या टोकाला जात नाही. भार हलका, वेळ लांब. असं काम एएमपीके आणि पीजीसी-१ आल्फा या प्रथिनांचा दुसरा मार्ग चालू करतं: मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) आणि केशवाहिन्या वाढतात, दम वाढतो. पकड, अग्रबाहू आणि कंबर यांना त्यातून थोडंफार मिळतं. छाती आणि मांडी उपाशीच राहतात.

एएमपीके एमटॉरला रोखतो हे पेशींत आणि उंदरांत खरं आहे, आणि ‘दमाचं काम स्नायू खातं’ ही धास्ती तिथूनच आली. १९८० च्या गाजलेल्या प्रयोगात ताकदीसोबत आठवड्याला सहा दिवस दमाचं कठीण काम होतं, आणि सात-आठ आठवड्यांनी ताकद वाढायची थांबली. पण अलीकडे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले (२०२२) तर स्नायूच्या आकारावर आणि कमाल ताकदीवर दमाच्या कामाचा परिणाम जवळपास दिसत नाही. स्फोटक जोरावर थोडा दिसतो. खलाशाचा स्नायू घटतो तो तीन गोष्टींनी: जड भार नाही, पोटाला कमी, आणि झोप नाही. एक अख्खी रात्र जागल्यावर प्रथिननिर्मिती १८ टक्क्यांनी घटलेली मोजली आहे. रात्रीच्या फेरीनंतर दुपारी अंधाऱ्या खोलीत तीन तास सलग झोप मिळाली तर ती वजनापेक्षा जास्त कामाची.

आता तुमचा एक तास. कमावणं आणि राखणं यांचा खर्च फार वेगळा असतो, आणि हंगामाची सगळी मदार या फरकावर आहे. २०११ च्या अभ्यासात लोकांनी १६ आठवडे, आठवड्याला तीन दिवस पायांचा व्यायाम केला आणि मग ३२ आठवडे तो कमी केला. एका गटाने एक तृतीयांश, दुसऱ्याने एक नवमांश, म्हणजे आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट. २० ते ३५ वयाच्यांनी एक नवमांशावरही तंतूंचा आकार राखला. ६० ते ७५ वयाच्यांची ताकद राहिली, आकार मात्र एक तृतीयांशावरही राहिला नाही. तुमचे तांडेल या दोन गटांच्या मध्ये बसतात, म्हणून त्यांना पोरांपेक्षा जास्त द्या.

पोरांना आठवड्यातून एकदा, बोट बंदराला लागली आणि झोप झाली की: स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, बेंच किंवा जोर, रोइंग किंवा पुल-अप. हलक्या वजनाने दोन सराव सेट, मग प्रत्येकाचे १ ते २ खरे सेट, ६ ते १० रेप (आवर्तनं), शेवटी एखाद-दुसरा रेप जेमतेम शिल्लक राहील असे. वजन जुलैअखेरचंच. कमी करायचे ते सेट, वजन नाही, इथेच बहुतेक जण उलट करतात: सेट तेवढेच ठेवून वजन उतरवतात. ४० मिनिटांत आटपतं. तांडेलांना तेच, पण प्रत्येकी ३ सेट आणि जमलं तर दहा दिवसांत दोनदा.

आठ-आठ दिवस बोटीवरच असणाऱ्यांसाठी: पाण्याचा २० लिटरचा भरलेला कॅन म्हणजे २० किलो. तो छातीशी धरून एका पायाचा स्क्वॉट, मागचा पाय फळीवर. तोच कॅन एका हाताने कमरेकडे ओढणं. पाय उंचावर ठेवून जोर, खाली जाताना तीन मोजत. प्रत्येक जवळजवळ थकेपर्यंत, एक सेट. बोट नांगरलेली असेल आणि समुद्र शांत असेल तरच. ओल्या डेकवर डोक्यावर काहीही उचलू नका.

दुसऱ्या टोकाचं, १ जूनचं. सवय नसलेल्या जड व्यायामानंतर स्नायूला एक संरक्षण मिळतं, पुढच्या वेळी तेवढीच इजा होत नाही. कोपराच्या स्नायूंवरच्या कामात हे संरक्षण काही अंशी सहा महिन्यांपर्यंत टिकलं आणि नऊ ते बारा महिन्यांत गेलं. तुमचा खंड दहा महिन्यांचा आहे. म्हणजे जुनं वजन डोक्यात आहे, मज्जातंतू ते उचलूही देतात, पण तंतूंचं संरक्षण संपलेलं आहे. पहिल्याच दिवशी मित्रांबरोबर चुरशीने दहा-दहाचे दहा सेट मारले की तंतू फाटून मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. जूनच्या दमट हवेत घाम आणि कमी पाणी यांनी ते आणखी बिघडतं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, स्नायू टणक होऊन सुजले, तर घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी रुग्णालयात. टाळायचं असं: पहिला आठवडा जुन्या वजनाच्या ५० ते ६० टक्के, प्रत्येकी २ सेट, थकेपर्यंत नाही. दुसरा आठवडा ७० टक्के, ३ सेट. जुनं वजन चौथ्या आठवड्यात. हंगामात आठवड्याचं एक सत्र चालू ठेवलं असेल तर हे चार आठवडे दोनवर येतात.

कंडरांचंही (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांचंही) ध्यानात ठेवा. स्नायू पटकन परततो, कंडरा तसा नाही. टाचेच्या कंडरेचा गाभा वाढीचं वय संपल्यावर, सतराव्या वर्षानंतर, जवळपास बदलतच नाही, असं अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ च्या आधारे दिसलं आहे (२०१३). तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं ते यामुळे: ताकद आली, दोर जुनाच. दुखलं की व्यायाम पूर्ण बंद करू नका. वजन एक तृतीयांश उतरवा आणि उतरतानाचा भाग चार सेकंदांचा करा.

कुळीथपिठी

रापणदोर दादांनी ‘पोटाला कमी’ म्हटलं तेवढंच धरून लिहिते, आहार माझा विषय आहे.

एमटॉरला दोन निरोप लागतात, ताणाचा आणि अन्नाचा. अन्नाचा निरोप मुख्यतः ल्युसिन या अमिनो आम्लाचा. पेशीतलं सेस्ट्रिन-२ हे प्रथिन ल्युसिन ओळखतं आणि मग एमटॉरसी-१ लायसोसोमवर (पेशीतल्या पचनपिशवीवर) जाऊन बसतं, तिथेच ते जागं होतं. म्हणून काही जण नुसती ल्युसिनची किंवा बीसीएएची (ल्युसिन धरून तीन अमिनो आम्लांची) पावडर विकत घेतात. निरोप पोचतो, पण भिंत बांधायला बाकीची अत्यावश्यक अमिनो आम्लंही लागतात, ती पावडरीत नसतात. गवंड्याला बोलावलं आणि चिरेच नाहीत. बंदराकाठी राहून यावर पैसे घालवू नका.

हिशेब करू. वाढीसाठी दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, त्यापुढे सरासरीने फायदा थांबतो. ६५ किलोच्या पोराला १०४ ग्रॅम. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १९-२० ग्रॅम प्रथिनं. दोन मध्यम बांगड्यांतून डोकं-काटा वगळून १५० ग्रॅम मांस निघालं असं धरा, ३० ग्रॅम झाली, आणि मासळीच्या प्रथिनात ल्युसिन ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अडीच ग्रॅम. एका जेवणाचं काम झालं. असं दिवसातून दोनदा, ३ अंडी (१८), दोन पेले दूध (१६), आणि उरलेलं भात, भाकरी, डाळीतून येतंच.

कुळथाची पिठी पौष्टिक आहे, माझं नावच ते आहे, पण तिच्यावर प्रथिनांचा भार टाकू नका. कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅम असली तरी एका वाटी पिठीत पीठ ३० ग्रॅमच पडतं, म्हणजे ६-७ ग्रॅम. त्या वाटीत मूठभर सुका जवळा घातला की चित्र बदलतं, पाणी उडाल्याने सुक्या मासळीत प्रथिनं दाट असतात. बिनमिठाचा वाळवलेला जवळा किंवा बोंबील घ्यावा. खारवलेला बांगडा रोज नको, तांडेलांचा रक्तदाब असेल तर मुळीच नको.

तांडेलांच्या बाबतीत एका जेवणातलं प्रमाण महत्त्वाचं. एका वेळी प्रथिननिर्मिती पुरेपूर जागी व्हायला तरुणाला किलोमागे साधारण ०.२४ ग्रॅम लागतात, सत्तरीच्या आसपास ०.४०. अन्नाचा तोच निरोप वयाबरोबर क्षीण ऐकू येतो. ७० किलोच्या तांडेलाने प्रत्येक जेवणात २५ ते ३० ग्रॅम धरावीत. सकाळी नुसता चहा-बटर आणि रात्री मासळीचा ढीग, ही सवय मोडायला हवी. पोरांना मात्र दोनच मोठी जेवणं मिळत असतील तरी चिंता नको. १०० ग्रॅम प्रथिनं एकदम दिली तरी ती वाया जात नाहीत, बारा तासांहून जास्त वेळ हळूहळू वापरली जातात असं २०२३ मध्ये दाखवलं गेलंय.

पण हे सगळं उष्मांक पुरे पडले तर. पाच दिवस उष्मांक कमी केल्यावर निवांत अवस्थेतली प्रथिननिर्मिती २७ टक्क्यांनी घटली, आणि एका वजनाच्या सत्राने ती पुन्हा पहिल्या पातळीवर आली (२०१४). त्या एका आठवडी सत्राचं मोल यातून कळतं. बोटीवर भात कमी करून मासळी वाढवणारे चूक करतात. ओढकामाच्या दिवसांत भात लागतोच.

क्रिएटिन (स्नायूला झटपट ऊर्जा पुरवणारं संयुग) विचारतील म्हणून: मासळीत ते असतं, पण शिजवताना काही कमी होतं, आणि पुरेसं मिळवायला रोज किलोभर मासळी खावी लागेल. मोनोहायड्रेटची साधी भुकटी रोज ३ ते ५ ग्रॅम, महाग प्रकारांची गरज नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि दारू: व्यायामानंतर भरपूर दारू (किलोमागे दीड ग्रॅम मद्यार्क) घेतली तेव्हा सोबत प्रथिनं घेऊनही निर्मिती २४ टक्क्यांनी कमी झाली. ज्या संध्याकाळी सत्र झालं ती संध्याकाळ तरी कोरडी ठेवा.

बंदरकाठ

ताई, दादा, खूप उपयोग झाला. शेवटचं: बंदरावर बर्फ फुकटात मिळतो म्हणून पोरं व्यायामानंतर टबात बर्फ टाकून बसतात. आणि अंग दुखलं की रोज एक आयबुप्रोफेन घेतात. चालेल का?

रापणदोर

वाढ हवी असेल तर दोन्ही नको. १० अंश पाण्यात १० मिनिटं, प्रत्येक सत्रानंतर, १२ आठवडे, असं केलेल्या गटाचा स्नायू आणि ताकद साधी सायकल हलकी चालवून थंड होणाऱ्या गटापेक्षा कमी वाढली. पी७०एस६केचा निरोप दबला आणि सॅटेलाइट पेशीही कमी जाग्या झाल्या (२०१५). कबड्डीचे लागोपाठ सामने असतील आणि दुसऱ्या दिवशी पाय हलके हवे असतील तेव्हा टब ठीक. जून-जुलैत नाही.

आयबुप्रोफेनचं प्रमाण महत्त्वाचं. रोज १२०० मिलिग्रॅम, आठ आठवडे घेतलेल्या तरुणांच्या मांडीच्या स्नायूची वाढ, अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या निम्मी झाली (२०१८). दाह हा दुरुस्तीचाच भाग आहे, त्यावरून सॅटेलाइट पेशींना जागं होण्याचा निरोप मिळतो. एखाद्या दिवशी एक गोळी घेतली म्हणून काही बिघडत नाही. रोजची सवय नको, आणि घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या दिवशी तर मूत्रपिंडासाठीही नको. रोज गोळी लागण्याइतकं दुखत असेल तर पहिल्या दोन आठवड्यांचे सेट जास्त झालेत. ते उतरवा.

खाडीपल्याड

टबातला बर्फ वाचला तर एक प्रयोग सुचवतो. यंदा ऑगस्टमध्ये तयार होतील त्या पोरांपैकी निम्म्यांना रापणदोर यांचं आठवडी सत्र द्या, बाकीचे नेहमीसारखे. ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि १ जून, तिन्ही दिवशी मांडीचा घेर आणि ५ रेपचं स्क्वॉटचं वजन लिहा. १ जूनला मात्र वजन हळू चढवत, तीन रेप शिल्लक असताना थांबायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. त्या दिवशी पूर्ण जोराची चाचणी कोणालाही नको.

बंदरकाठ

करतो. वही आजच घातली. आकडे इथेच टाकेन.